कातळावरची काळी माती

धामणसड्याच्या पठारावर जिथं पाहावं तिथं तांबडा कातळ. उन्हाळ्यात त्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. गावाच्या वरच्या अंगाला एक तळं आहे, त्याचा तळ मात्र काळाभोर, चिकणमातीचा. अशी माती सड्यावर दुसरीकडे कुठंच नाही. पाहुणे आले की थोरल्या घरातले दाजी गावकर त्यांना बांधावर उभं करतात आणि सांगायला लागतात. ही माती म्हणे सहा कोस खालून आली, बायकांच्या डोक्यावरून, एकेक गोळा करून.

पेंढरखोल हे खाली नदीकाठचं कुंभारांचं गाव. तिथल्या सगुणेची धाकटी बहीण तान्ही सड्यावर दिलेली. कातळ पाणी धरत नाही. पावसाळाभर कोसळलेलं पाणी भेगांतून निघून जाई, आणि शिमगा सरला की बायका हंडे घेऊन घाटी उतरून झऱ्यावर जात. अर्धा दिवस त्यातच सरे. तान्हीची दोन मुलं पोटातच गेली, ती या घाटीपायी.

सगुणा दर बाजाराला मडकी घेऊन सड्यावर जाई. तिला माती कळत होती. मडकं झिरपायला लागलं की आतून लिंपतात, मग कातळातला खड्डा का लिंपू नये, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं आपल्या गावातल्या बायकांना सांगितलं, वर जाताना एका मडक्यात नारळाएवढा मातीचा गोळा टाका. पेंढरखोलचे म्हातारे खूप हसले, असं सांगतात. सड्यावरचे आपले कोण लागतात, असं त्यांनी विचारलं. एकानं टोमणा मारला की एवढी माया असेल तर नदीच उचलून ने. बायकांनी वाद घातला नाही. नारळाएवढ्या गोळ्यानं कुणाची मान मोडत नव्हती की कुणाची भट्टी अडत नव्हती. त्यातल्या निम्म्याजणींनी तान्हीला कधी पाहिलंही नव्हतं. सात वर्षं गोळे वर चढत राहिले.

आठव्या वैशाखात ढीग पुरेसा झाला. बायकांनी झऱ्याचं पाणी आणून माती भिजवली, तळ्याच्या खड्ड्यात पसरली. आता ती ओली आहे तोवर पायांनी तुडवायची, की काम झालं. पण गावकर, म्हणजे सड्यावरचे मानकरी, आडवे आले. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय तळ्यात पाय ठेवायचा नाही. गाऱ्हाण्याला नारळ आला, आणि नारळ आला तसा मान आला. पहिला नारळ गावकरांच्या थोरल्या घराचा की धाकट्या घराचा? दोन्ही घरांनी देवाला कौल लावले, दोघांनाही आपापल्या मनासारखे मिळाले.

सगुणा बांधावर बसून माती बघत होती. तिसऱ्या दिवशी कडा पांढरी पडली. ती उठून देवळात गेली.

“गावकरांनू, माती सुकता हा.”

“सगुणे, इतकी वर्सां थांबलंव. आनी चार दिस थांबाक काय झाला?” थोरल्या घरचा म्हातारा म्हणाला.

तिला माती कळत होती आणि म्हाताऱ्याला कळत नव्हती. तरी तिनं हात जोडले आणि थांबली. मोठ्या माणसांसमोर उलट बोलायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. चार दिवसांचे बावीस झाले. तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. नारळ कुणाचा ते ठरायच्या आत पाऊस आला आणि सात वर्षांची माती उचलून कातळाच्या पोटात घेऊन गेला.

पुढच्या चैत्रात तान्हीला आठवा महिना होता. घाटीच्या तिसऱ्या वळणावर तिचा पाय घसरला. हंडा खाली झऱ्यापर्यंत गडगडत गेला. ती आणि तिचं पोटातलं पोर वळणावरच राहिलं.

सगुणा रडली का, ते कुणी सांगत नाही. तेराव्यानंतरच्या बाजाराला तिच्या मडक्यात पुन्हा गोळा होता. सड्यावर आता तिचं कुणी उरलं नव्हतं. तिच्या मागून आलेल्या चाळीसजणींचंही तिथं कुणी नव्हतं. आणखी सात वर्षं गेली. या वेळी माती पसरली त्याच सकाळी गावकर बांधावर येऊन उभे राहिले. सगुणेनं लुगडं खोचलं आणि सरळ तळ्यात उतरली.

“नारळ?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“तुमी ठरवा,” ती म्हणाली. “आमी तवसर माती मळतंव.”

दिवस मावळायच्या आत तळ तयार झाला. त्या पावसात साठलेलं पाणी म्हणे पुढच्या वैशाखातही गुडघाभर होतं.

बांधावर एक शिळा आहे. तिच्यावर नावं गावकरांची आहेत. सगुणेचं कुठं आहे, असं पाहुण्यांतल्या एखाद्या मुलीनं विचारलं, तर दाजी म्हणतात की तेव्हा बायकांची नावं कोरत नसत. आणि लगेच सांगतात की मान खरा थोरल्या घराचाच, कागद काढून दाखवीन.

पेंढरखोलात आता मडकी कुणी करत नाही. तरी आजही वैशाखातल्या पहिल्या बाजाराला तिथल्या बायका एसटीनं वर येतात, पिशवीत नारळाएवढा गोळा घेऊन. लुगडी खोचून तळ्यात उतरतात आणि पाणी ओसरलेल्या कडेच्या भेगा बुजवतात. बांधावर दोन्ही घरचे गावकर नारळ हातात धरून उभे असतात. पहिला कुणाचा, हा वाद आजही चालू असतो. बायका वर बघत नाहीत.