दहावी चूल

"उचला हे ताट!" महिपतराजे कडाडले. "कालही भरलं वांगं, आजही भरलं वांगं! विसोबा, मी राजा आहे की वांग्याच्या मळ्याचा राखणदार?"

मुख्य आचारी विसोबाने मुकाट्याने ताट उचललं. बारा वर्षं त्याने ते वांगं रांधलं होतं आणि बारा वर्षं राजे बोटं चाटत होते. पण लहर फिरली ती फिरलीच! उभ्या उभ्या हुकूम सुटला, "उद्यापासून एकदा केलेला पदार्थ पुन्हा करायचा नाही!"

झालं! दहा चुलींवर रोज दहा नवे पदार्थ. कुणाचा हात कशावर बसेल तर शपथ! कारल्याची खीर झाली, चिंचेचे लाडू झाले. आठव्या दिवशी राजे भुकेने कळवळले, "अरे, वांगंच बरं होतं रे! आता फक्त वांगंच करा!" आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ताट भिरकावलं.

मुदपाकखान्यात पाट्यावर मसाला वाटणारी भिवरा हे सगळं बघत होती. वीस वर्षांत तिचा वरवंटा थांबलेला कुणी पाहिला नव्हता, आणि तिची जीभही!

या खेपेला मात्र राजांनी कहरच केला. सगळ्यांना पुढ्यात उभं करून म्हणाले, "महिन्याने आमचे व्याही येताहेत. त्यांच्या पंगतीला मला असा पदार्थ हवा, जो मी जन्मात चाखलेला नाही. आणि तो पहिल्याच घासाला फक्कड जमलेला हवा! बिघडला, तर वीसच्या वीस जणांनी आपापल्या गावची वाट धरायची!"

विसोबाने कपाळाला हात लावला. "सरकार, नवं म्हटलं की ते आधी बिघडणारच. आणि न बिघडणारं हवं, तर ते जुनंच करावं लागतं!"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

भिवराला कुठलं आलंय गाव! नवरा गेल्यापासून हे एकोणीस जणच तिचं गणगोत. पदराला हात पुसत ती पुढे आली.

"मी करते, सरकार. पण दहातली एक चूल महिनाभर माझी. तिच्यावर काय शिजतं ते विचारायचं नाही. त्यातलं काही मागायचंही नाही."

"आणि मी काय हवा खाऊ?"

"इश्श, नऊ चुली आहेत की! त्यांच्यावर जमलेलंच रांधू. वांगं आहे, कटाची आमटी आहे, तुम्ही पुन्हा पुन्हा मागून घेता ते सगळं आहे."

राजांनी मिशीवर ताव दिला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून दहावी चूल पेटली. तिच्यावरचं जेवण नोकरांच्या पंगतीला जायचं, पण वाढायचं कसं? तर डावीकडे, बोटभर! पानाची डावी बाजू चटणी-कोशिंबिरीची. तिथलं काही फसलं म्हणून कुणी उपाशी उठत नाही. पोटभर भात-आमटी ठरलेलीच होती. डावीकडचं कुणी "आणखी वाढ" म्हणालं, तरच ते उद्या पुन्हा करायचं. नाहीतर गोठ्यात!

पहिले चार दिवस सगळं गोठ्यातच गेलं. पाचव्या दिवशी तर म्हशीनेही तोंड फिरवलं.

"भिवरा, अगं बुडवशील आम्हाला!" विसोबा रडकुंडीला आला.

"दादा, रडू नका, मीठ घाला!"

सहाव्या दिवशी तिने फणसाच्या आठळ्या राखेत भाजल्या, ठेचल्या आणि त्यांत कवठाचा गर कालवला. भयंकर आंबट! पण पंगतीतला पाणक्या बोट चाटून म्हणाला, "आणखी वाढ! काहीतरी आहे बरं का यात!" भिवराने ते धरलं. दुसऱ्या दिवशी गूळ जास्त झाला. मग फोडणी करपली. मग विसोबालाच चेव चढला आणि त्याने तीळ भाजून घातले. महिना सरता सरता अख्खी पंगत "आणखी वाढ!" म्हणून ओरडू लागली.

व्याही आले. पानं मांडली. राजांनी आठळ्यांच्या भरिताचा घास घेतला आणि डोळेच मिटले. व्याह्यांनी तर तीनदा मागून घेतलं! मुदपाकखान्याच्या दाराआड भिवराचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडला.

पण राजे कसले गप्प बसताहेत! त्यांनी डोळे बारीक केले.

"बोलवा भिवराला!" ती समोर येताच ते म्हणाले, "हा पहिल्यांदा केलेला पदार्थच नव्हे. खरं सांग, आधी किती वेळा केलास?"

"चोवीस वेळा, सरकार. त्यातला सतरा वेळा बिघडला."

"काय! माझ्या मुदपाकखान्यात सतरा वेळा अन्न बिघडलं?"

"आमच्या पानात बिघडलं, सरकार, तेही बोटभर. तुम्ही जन्मात चाखलेलं नसावं, एवढंच तुम्ही म्हणाला होतात. आम्हीही चाखू नये असं कुठे म्हणालात?"

व्याही खो खो हसले. राजे खजील झाले, पण क्षणभरच.

"शाबास! एका चुलीवर हे असलं, तर दहा चुलींवर काय होईल! आजपासून दहाही चुली तुझ्या. रोज दहा नवे पदार्थ काढ!"

विसोबाने घाबरून डोळे मिटले. भिवराने मात्र हात जोडले.

"नको, सरकार. मला एकच पुरे."

"का गं? राजा देतोय आणि तू नको म्हणतेस?"

"सगळ्याच चुली माझ्या झाल्या, तर सतरा दिवस तुम्ही जेवाल काय? आणि एकही माझी नसली, तर अठराव्या दिवशी मागाल काय?"

राजांना असं हसू फुटलं, की हातातली वाटी कलंडली! हसता हसताच त्यांनी बोटातली अंगठी काढून भिवराच्या हातावर ठेवली, वीसच्या वीस जणांना नवी वस्त्रं देवविली आणि दहावी चूल कायमची तिच्या नावाने करून टाकली.