हळदीचा गोवर

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक तरुण शिष्या औषधं शिकत असे. तिचं बाळ तान्हं होतं, आणि पहिलंच. संक्रांत झाली तशी तिला त्याच्या बोरन्हाणाची घाई झाली. काळं झबलं शिवून झालं, हलव्याचे दागिने आले. पण नदीपलीकडच्या वस्तीत गोवर निघाला होता.

"थांब थोडं," वैद्य म्हणाले.

"आपल्या आळीत कुणालाच नाही हो, आबा. मी पोरं पारखूनच बोलावलीत. अंग गार आणि डोळे स्वच्छ असलेलीच."

वैद्य म्हणाले, "बरं, कर. फक्त बाळाला आत झोपव आणि पाटावर वरवंटा बसव."

शिष्येला काही उमगेना, पण गुरूंचा शब्द मोडवेना. बारशाला नटवतात तसा तिनं वरवंटा नटवला. काळं झबलं घातलं, डोक्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचा मुकुट बांधला.

"नाक अगदी बापावर गेलंय गं," शेजारीण म्हणाली, आणि बायका पदराआड हसल्या.

वरवंट्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले गेले. पोरांची एकच झुंबड उडाली. कुणी मुकुट सरळ केला, कुणी शिष्येच्या गळ्यात पडलं.

"आता हात दाखवा रे," वैद्य म्हणाले.

कुणाचा तळवा पिवळा, कुणाचा गाल. मुकुटाचा हलवाही पिवळा झालेला. वैद्यांनी अंगणात एकाच पोरीच्या तळहाताला तेलात कालवलेली हळद लावली होती.

इतक्यात आत बाळ रडलं. शिष्येला पान्हा दाटला, ती धावली. उंबऱ्याशी तिनं स्वतःचे हात पाहिले. पिवळे होते. पदरही पिवळा. बाळ रडत होतं आणि ती तिथंच उभी राहिली. मग कोपरापर्यंत हात धुतले, लुगडं बदललं, तेव्हा कुठं तिनं त्याला उचललं.

पोरं पांगल्यावर वैद्य हळू आवाजात म्हणाले, "पोरी, गोवर दिसत नाही, म्हणून त्याचं सोंग आणलं. त्या पोरीचंही अंग गारच होतं, तूच पारखलं होतंस. तिनं दोघाचौघांना हळद दिली, त्यांनी पुढच्यांना. सोंग ते सोंगच. हळद धुतली की गेली, आणि गोवर तर नुसत्या श्वासानंही जातो, तो हिच्याहून चपळ. किती पोरं आजारी पडतील हे मी नेमकं सांगू शकणार नाही. पण त्याची वाट दिसली ना? वाट दिसली की ती कुठं अडवायची तेही दिसतं. आज ही पोरं जमली नसती, तर हळद त्या एका घरातच राहिली असती."

 त्याच संध्याकाळी शिष्या घरोघर गेली. टोमणे ऐकले, पण त्या हंगामातली सगळी बोरन्हाणं पुढं ढकलायला लावली. गोवर आळीत आला, एकदोन घरांत राहिला आणि तिथूनच परत गेला.

पुढच्या संक्रांतीला बाळ स्वतःच्या पायांनी पाटावर जाऊन बसलं. शेजारी दुसऱ्या पाटावर मुकुट घालून वरवंटा होता.

"आता हा कशाला?" शेजारणीनं विचारलं.

"थोरला आहे तो," शिष्या म्हणाली, आणि पहिली ओंजळ तिनं त्याच्यावर ओतली. "धाकट्याच्या वाटचं यानं अंगावर घेतलं."