काळा दगड

नदीवर पूल नव्हते तेव्हाची ही गोष्ट. म्हशींचा एक कळप नदी ओलांडून पलीकडे चरायला जाई. पात्रातला काळा दगड बुडालेला दिसला की पाण्यात उतरायचं नाही, हा कळपाचा जुना नियम. सगळ्यांच्या पुढे चांदवी चाले, आणि तिची वाट कधी चुकली नव्हती.

एका सकाळी अलीकडचं गवत संपलं होतं. काठावर थांबून, पलीकडच्या हिरव्या गवतावरच नजर ठेवून चांदवीनं विचारलं, "पाणी उतरलंय ना गं?"

"उतरलंय की!" शेजारची म्हणाली. मग सगळ्याच म्हणाल्या.

मधल्या धारेला त्यांचे पाय सुटले. म्हशी कशाबशा पलीकडे लागल्या, पण दोन रेडकं वाहून गेली. त्यातलं एक चांदवीचं होतं.

"दगड बुडालेला कुणाला दिसला होता?" तिनं विचारलं.

"मला," एक म्हणाली. मग सगळ्याच म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तू 'उतरलंय ना' म्हणालीस. मग नाही कोण म्हणणार?"

परतायच्या दिवशी चांदवी पुन्हा काठावर थांबली. "पाणी कसं आहे?" एवढंच विचारून ती सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि शेवटची म्हैस बोलेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.