लवंगीच्या पायाचा बूट

या, मांडीवर नीट बसा, आणि ऐका.

एक होतं करडू. एवढुस्सं. नाव त्याचं लवंगी. लवंगीचे तीन पाय सरळ. चौथा पाय आत वळलेला. जन्मलीच ती तशी. त्यात कुणाची चूक नव्हती.

लवंगी चालली की आवाज यायचा, टुक टुक टुक फर्र.

सकाळी शेळ्या डोंगरावर निघाल्या. आई निघाली. गळ्यातली घंटा वाजली, किणकिण किणकिण. आई सारखी मागे वळून बघत होती. लवंगी मागून येत होती. पण चौथा पाय अडखळला. ती मटकन बसली. घंटा लांब गेली. मग ऐकूच येईना.

लवंगी पोटभर रडली. मग उठली.

टुक टुक टुक फर्र. गेली सुतारपक्ष्याकडे. तो झाडाला चोच मारत होता, ठक ठक ठक.

"सुतारमामा, सुतारमामा, आधाराचा बूट दे. बूट घालून मी आईबरोबर जाईन."

सुतारमामा म्हणाला, "देईन. पण पट्टा हवा. पट्ट्यावाचून बूट निसटेल. शिंपीताईला सांग."

टुक टुक टुक फर्र. शिंपीताई चिमुकली पक्षीण. चोचीने पान शिवत होती, सुळुक सुळुक.

"शिंपीताई, शिंपीताई, पट्टा शिव. पट्टा सुतारमामाला. सुतारमामा बूट देईल. बूट घालून मी आईबरोबर जाईन."

शिंपीताई म्हणाली, "शिवीन. पण मोजा हवा. मोज्यावाचून पट्टा काचेल. सुगरणमावशीला सांग."

टुक टुक टुक फर्र. सुगरणमावशी खोपा विणत होती, सरसर सरसर.

"सुगरणमावशी, सुगरणमावशी, मोजा विण. मोजा शिंपीताईला. शिंपीताई पट्टा शिवेल. पट्टा सुतारमामाला. सुतारमामा बूट देईल. बूट घालून मी आईबरोबर जाईन."

मावशी म्हणाली, "विणीन. पण साचा हवा. तुझ्यासारखा पाय तुझाच. साच्यावाचून माप चुकेल. कुंभारीणकाकूला सांग."

टुक टुक टुक फर्र. कुंभारीणकाकू म्हणजे मातीचं घर बांधणारी माशी, गुंगुं गुंगुं.

"कुंभारीणकाकू, कुंभारीणकाकू, साचा कर. साचा सुगरणमावशीला. सुगरणमावशी मोजा विणेल. मोजा शिंपीताईला. शिंपीताई पट्टा शिवेल. पट्टा सुतारमामाला. सुतारमामा बूट देईल. बूट घालून मी आईबरोबर जाईन."

काकू म्हणाली, "करीन. पण एक हवं."

"कुणाला सांगू?"

"कुणालाच नको. ते तुझ्याकडेच आहे. पाय हलवायचा नाही."

लवंगीने पाय पोटाशी ओढला. मग हळूच म्हणाली, "दुखेल का गं?"

"नाही. आधी गार लागेल. मग घट्ट होईल. मग मी काढून घेईन. पाय तुझ्याकडेच राहील."

काकूने ओली माती लावली. बाई गं, केवढी गार! लवंगी दचकली. पाय हलला. साचा मोडला, फस्स.

काकू रागावली नाही. "भीती वाटली होय? वाटू दे. पुन्हा करू."

पुन्हा माती लावली. गार लागली. लवंगीने डोळे मिटले आणि म्हणत राहिली, "साचा सुगरणमावशीला. सुगरणमावशी मोजा विणेल. मोजा शिंपीताईला. शिंपीताई पट्टा शिवेल. पट्टा सुतारमामाला. सुतारमामा बूट देईल. बूट घालून मी आईबरोबर जाईन."

पाय हलला नाही. माती वाळली. काकूने साचा अलगद काढला. पाय होता तिथेच होता.

मग काय! साचा सुगरणमावशीला मिळाला. मावशीने मोजा विणला. मोजा शिंपीताईला मिळाला. ताईने पट्टा शिवला. पट्टा सुतारमामाला मिळाला. मामाने बूट कोरला.

आधी मोजा. मग बूट. मग पट्टा, बेताने ओढलेला.

"घट्ट आहे. नको मला," लवंगी म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं.

"नवा आहे ना, घट्ट लागणार," मामा म्हणाला. "आज थोडा वेळ घाल. उद्या जरा जास्त. लाल झालं, दुखलं, तर मला सांग. मी घासून देईन."

एकदा दुखलं. लवंगीने सांगितलं. मामाने घासून दिला. मग हळूहळू सवय झाली. लवंगी अंगणात चालायची, आई ऐकायची.

आणि एका सकाळी शेळ्या निघाल्या. आई निघाली. घंटा वाजली, किणकिण किणकिण. मागून लवंगी निघाली.

आज आईने एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघायचं कशाला? तिला ऐकू येत होतं.

टुक टुक टुक टक. टुक टुक टुक टक.

थेट डोंगरावर.