वाटीतलं एरंडेल

"फरांदे वस्तादांनी म्हणे आपल्याच चेल्याच्या पायावर डोकं ठेवलं... आणि तो जमदाड्यांचा धैर्यशील तसाच खुर्चीत बसून..."

एवढ्यात गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि पुढचं सगळं पिठात गेलं.

पण गावाला तेवढंही पुरतं. दुपारपर्यंत अर्ध्या वाई गावात झालं.

घडलं होतं ते असं.

धैर्यशील म्हणजे वस्तादांच्या व्यायामशाळेतला एके काळचा पहिल्या नंबरचा गडी. मल्लखांबावर चढला की खारीनं लाजावं. दोन वर्षांपूर्वी अपघातात डावा पाय मांडीतून गेला. त्यानंतर त्यानं व्यायामशाळेकडे जी पाठ फिरवली, ती फिरवलीच.

आणि परवा सकाळी तो आपल्या पायांनी आत आला. दारातल्या तीन पायऱ्या, भिंतीला हात न लावता. डाव्या पायात मोटारीवर चालणारा कृत्रिम गुडघा. पायरीगणिक हलकं घुर्र... घुर्र...

वस्ताद मल्लखांबाला एरंडेल चोळत होते. ऐंशी उलटली, नजर अधू झाली, पण खांबाला तेल अजून स्वतःच्या हातानं.

"बूट घालूनच आलो, वस्ताद. माफी असावी. बूट काढला की याचा तोल जातो."

"खांबाची हरकत नाही, तर माझी कुठली?"

धैर्यशीलनं वाटेत दहादा घोकलेलं एका दमात बोलून टाकलं. "वस्ताद, पोरांना शिकवायला येऊ का? उद्यापासून?"

वस्तादांचा हात खांबावरून खाली आला, वर गेला...

"बस त्या खुर्चीत. आधी तुझा नवा गडी दाखव."

धैर्यशीलनं विजार वर सरकवली. त्याची छाती दोन बोटं फुगली.

"हा स्वतः वाकतो, वस्ताद. पायरी आली की मोटार वर उचलते. मला काही करावं लागत नाही."

"काहीच नाही?"

"म्हणजे... निगा राखायची. रोज चार्जिंगला लावायचा. मऊ फडक्यानं पुसायचा. मांडीवरचा रबरी मोजा साबणानं धुवायचा, सावलीत वाळवायचा. सकाळी मोबाईलवर बॅटरी बघायची, मगच चढवायचा."

"चुकत नाहीस?"

"एक दिवस नाही. चढवायच्या आधी याला हात लावून कपाळाला लावतो, वस्ताद. यानं मला उभं केलं."

वस्तादांनी मान हलवली. "चांगलं करतोस. ज्यानं घडवला, त्याचंही भलं होवो."

मग ते एरंडेलाची वाटी घेऊन आले आणि त्याच्या पुढ्यात खाली फरशीवर मांडी घालून बसले.

धैर्यशील ओरडलाच. "वस्ताद, याला तेल चालत नाही! सगळं बिघडेल!"

"याला कोण लावतंय?"

त्यांनी त्याचा उजवा पाय ओढून मांडीवर घेतला. बूट काढला, मोजा काढला.

टाच भेगाळलेली. घोट्यावर सूज. अंगठ्याचं नख काळंनिळं. कुबड्यांवर होता तेव्हा सगळा भार यानंच पेलला, आणि नवा गुडघा अंगवळणी पडेपर्यंत पडता पडता सावरलंही यानंच.

जवळचं दिसेना म्हणून वस्ताद खाली वाकले. आणखी वाकले. नाक टाचेला लागेल इतके.

खिडकीतून पाहणाऱ्यांना नेमकं तेवढंच दिसलं. डोकं पायापाशी गेलं, हे खरं. टेकलं मात्र नव्हतं. चेला बसून राहिला, हेही खरं. पण उठणार कसा? पाय वस्तादांच्या मांडीवर होता.

"आणि हा रे? हा कधी चार्जिंगला लावतोस?"

धैर्यशीलला हसू आलं. मग ते ओठांवरच राहिलं.

"हा... हा काय, आपला आहेच की, वस्ताद."

"हं..."

वस्तादांनी बोटं तेलात बुडवली. टाचेवरून घोट्याकडे, घोट्यावरून पोटरीकडे... खांबाला लावतात तसंच, घाई न करता. इतकी वर्षं या जागेत चेल्यांनी वस्तादांचे पाय चोळले होते. उलटं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"सोडा ना, वस्ताद. पाप लागेल मला."

"गप बस. मला भेग शोधू दे."

धैर्यशीलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचं त्याला सुचेना. थोड्या वेळानं तो पुढे वाकला, वाटीत बोटं घातली आणि आपला हात वस्तादांच्या हाताशेजारी ठेवला.

वस्तादांनी आपला काढून घेतला.

दोन वर्षांत पहिल्यांदाच धैर्यशीलनं तो पाय हातात धरला. प्रत्येक बोट वेगळं घेतलं. काळ्या नखापाशी जरा थांबला...

बऱ्याच वेळानं त्यानं वर पाहिलं. वस्ताद गुडघ्यांवर हात देत उठून खांबाकडे निघालेले.

"वस्ताद... मग उद्यापासून येऊ का?"

ते वळले नाहीत.

"मला काय विचारतोस? ज्याच्या जिवावर येणार, त्याला विचार."