बरणीतली नथ

“आणखी काय काय सोडू, आई?” सगुणानं विचारलं. “मीठ सोडलं. वहाण सोडली. नाक भुंडं ठेवलं. लोणचं तर नऊ वर्षं जिभेला लावलं नाही.”

खंडोबाच्या टेकडीवर, मठीच्या ओट्यावर तिथली पुजारीण ठकूआई कैऱ्या फोडत बसली होती. म्हातारीनं मान वर केली नाही.

“लोणच्यानं काय घोडं मारलंय तुझं?”

सगुणानं कनवटीची पुरचुंडी काढून सोडली. आत नथ होती.

“बरणीत सापडली, आई.”

ही नथ चोरली म्हणून दहा वर्षांमागं सगुणानं धाकट्या जावेवर, हौसावर, आळ घेतला होता. हौसानं ह्याच देवापुढं बेलभंडारा उचलला, शपथ घेतली. पण सव्वा महिन्याच्या आत तिची गाय मेली. झालं! शपथ खोटी, देवानंच निवाडा केला म्हणायला गाव मोकळं. गाईला साप चावलेला, ते कोण बघतो? विधवा बाई, लेकीचा हात धरून माहेरी गेली.

पुढच्या साली सगुणानं लोणच्याची बरणी घासायला काढली, तर खाराच्या तळाशी नथ. फोडी भरताना वाकली तेव्हा नाकातून गळलेली.

“कुणाला सांगितलंस?” ठकूआईनं विचारलं.

“देवाला. रोज सांगते. रडून रडून डोळ्यांच्या खाचा झाल्या.”

“देवाला माहीतच होतं की गं.”

“आता हौसाच्या लेकीची सोयरीक मोडली, आई. चोरटीची पोर म्हणून. ऐकलं, तेव्हापासून घास उतरत नाही.” सगुणानं नथ पुढं केली. “ही देवाच्या पायाशी घाला. म्हणजे मी सुटले.”

“तू सुटलीस. आणि ती पोर?”

सगुणानं नथ तशीच पुढं धरून ठेवली.

“देवाचं नाक टोचलेलं न्हाई,” म्हातारी म्हणाली. “तुझ्या नाकात घाल.”

“आई! रविवार आहे. सगळं गाव पायऱ्यांवर बसलंय. सोयरीक मोडणारे पाव्हणेसुद्धा आलेत.”

“आणि हौसा?”

“ती... माहेराहून आलीय, खालच्या पायरीवर आहे. शपथ घेतल्यापासून वर चढलीच नाही ती.”

“मग घाल.”

“तोंडावर थुंकतील माझ्या!”

“थुंकतील. पुसायला पदर हाय की. नऊ वर्षं नुसतं डोळंच पुसतीस त्यानं.”

सगुणानं नथ नाकाला लावली. दाबली. फिरवून बघितली.

“भोक बुजलंय, आई,” ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिचा जीव जरासा भांड्यात पडला.

ठकूआई उठली. कुंपणाच्या बाभळीचा एक लांब काटा मोडून आणला, समईच्या ज्योतीवर धरला. सगुणाचं डोकं मांडीवर घेतलं. न्हाणवायला घेतलेल्या पोरीचं घ्यावं तसं.

“पन्नाशीची झालीस,” म्हातारी पुटपुटली, “अजून नाक टोचायला आईच लागती तुला.”

काटा आरपार गेला. सगुणा किंचाळली. रक्ताचा थेंब ओठावर आला.

ठकूआईनं तो आपल्याच पदरानं टिपला. देवापुढची चिमूटभर हळद जखमेवर दाबली. हौसानं ज्या ताटातला भंडारा उचलला होता, त्याच ताटातली. मग नथ घातली, फासा घट्ट केला.

सगुणाला हुंदका फुटला. रोजचाच, सवयीचा.

ठकूआईनं तिची हनुवटी धरली.

“डोळं पूस आधी. रडत उतरलीस तर लोक तुझ्याकडं बघतील. त्यांनी नथीकडं बघायला पाहिजे.”