कुणाच्या किल्ल्या?

एका राज्यात राणीला आवाज नव्हता. तो खजिन्यातल्या पेटीत होता.

राणी एल्विरा सातासमुद्रापलीकडची. लग्न होऊन ती गलबतातून उतरली, त्याच क्षणी तिकडच्या एका रुसलेल्या जादूगाराने तिचा आवाज काढून घेतला आणि पेटीत घालून राजा मृगांकरायाला आहेर म्हणून धाडला. पेटीला तीन कुलुपे. दोन तपांत उघडली नाहीत तर आवाज विरून जाणार, असा सोबत निरोप. झाकणावर राणीच्या बोलीतले दोनच शब्द होते : ‘सुस याबेस’.

धुंडिराजशास्त्र्यांनी कोश उघडला. “महाराज, याबेस म्हणजे किल्ल्या. ‘सू’ म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा, सगळे एकच. पण इथे ‘सुस’ आहे. अनेकवचन. म्हणजे आदरार्थी! कुणा थोर पुरुषांच्या किल्ल्या.”

आता आदरार्थी म्हटल्यावर बायकोचे नाव कोण घेतो? अपशकुन नको म्हणून राणीला पेटी दाखवलीसुद्धा नाही.

राजा निघाला. समुद्रराजाने किल्ली दिली, बदल्यात राजाची सावली ठेवून घेतली. डोंगरातल्या सिद्धाने किल्ली दिली, झोप ठेवून घेतली. राणीच्या वडिलांनी किल्ली दिली, त्यांना राजाचे काळे केस हवे होते. दोन तपे संपायच्या दिवशी बिचारा परतला, तर एकही किल्ली कुलुपात फिरेना.

दिवस मावळायला घटकाभर वेळ उरला होता. राजा पेटी घेऊन बागेत राणीपुढे मटकन बसला.

“राणी, माझा इलाज संपला.”

राणीबरोबर माहेराहून आलेली मैना झाकणाकडे पाहून खिदळली. “महाराज, हे वाचले कुणी? आमच्याकडे ‘सुस’मधले अनेकवचन वस्तूचे, मालकाचे नव्हे. किल्ल्या पुष्कळ, म्हणून सुस. मालकीण एकटी असली तरी सुसच.”

“मग इतकी वर्षे गप्प का बसलीस?”

“पेटी आज पाहिली, महाराज.”

राजाने राणीकडे पाहिले. “तुझ्या?”

राणीने कनवटीच्या तीन किल्ल्या काढल्या. एक पावाच्या फडताळाची, एक हातमागाच्या खोलीची, एक आईच्या पेटाऱ्याची. माहेर सुटल्यापासून रोज संध्याकाळी ती त्या मुठीत धरून बसे. या कसल्या, असे राजाने एकदाही विचारले नव्हते. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तिन्ही कुलुपे उघडली. शाप सुटला. राजाची सावली येऊन निमूट पायाशी बसली, झोप डोळ्यांत परतली, केस पुन्हा काळे झाले. आणि पिकल्या केसांच्या राणीच्या कंठातून अठरा वर्षांच्या मुलीचा आवाज आला. गलबतातून उतरताना जे वाक्य अर्धे तुटले होते, ते आता पुरे झाले.

“आई, मी सुखरूप पोचले गं!”

आईला जाऊन नऊ वर्षे झाली होती. राणीला ते ठाऊक होते, तरी ती उत्तराची वाट पाहत थांबली.

“मी ऐकले,” राजा म्हणाला.

मग राणी बोलू लागली. दिवेलागण झाली तरी ती बोलतच होती आणि राज्यात कुणी मध्ये तोंड घातले नाही.